उशाशी नऊ बिल्ले

२ फेब्रुवारी, रविवार

पोचलो. निघताना दोन ट्रंका, एक छत्री आणि शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड होते. छत्री गाडीत राहिली, शब्दकोश राहिला नाही, हमालाचे नशीब. बावन्नाव्या वर्षी मला नोकरी लागली याचे मित्रांना आश्चर्य वाटले, मला त्यांच्याहून अधिक. वर्तमानपत्र बंद पडल्यापासून दीड वर्ष मी ‘ज्येष्ठ वार्ताहर’, म्हणजे नुसताच ज्येष्ठ होतो. आता अणुवीज प्रकल्पाच्या मासिकाचा संपादक. अणूविषयीचे माझे ज्ञान वैशेषिक दर्शनात सुरू होते आणि तिथेच संपते, हे मुलाखतीत प्रामाणिकपणे सांगून टाकले होते. साहेब म्हणाले, मासिकाला तेवढं पुष्कळ झालं.

उतरलो आहे धाकट्या बहिणीकडे. घर वसाहतीच्या शेवटच्या रांगेत: पुढची खोली, मागची खोली, मध्ये स्वयंपाकघर. दारातच म्हणाली, दादा, किती रे वाळलास. मग नजर माझ्या पोटाकडे गेली आणि तिने विषय बदलला. मेहुणे अबोल, पण हाताचे कसबी. भाची आठ वर्षांची. तिला मी पहिल्या अर्ध्या तासातच ‘प्रश्नपत्रिका’ ही पदवी बहाल केली. मामा, तू म्हातारा आहेस की नुसता दिसतोस, हा पहिला प्रश्न, अनिवार्य. एकूण अकरा प्रश्न विचारले, चार गुण दिले. नापास.

मागची खोली मला दिली आहे. तिथला पलंग पाहण्यासारखा आहे. मेहुण्यांनी लेकीच्या वाढदिवसाला, गेल्याच आठवड्यात, स्वतः वेल्डिंग करून बनवला. चकचकीत पाइप, गंजाचा ठिपका नाही. सांध्यावरून नख फिरवले तर सांधा लागत नाही. उशाकडच्या आडव्या पाइपाला ओळीने हूक, तिचे फ्रॉक आणि दप्तर अडकवायला. ती जेमतेम चार रात्री त्यावर झोपली आणि मामा आला. पाहुण्याला पलंग द्यावा लागतो हे तिला मान्य आहे, आवडलेले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

कार्यालयात टेबल मिळाले, खुर्ची यथावकाश मिळेल. छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. आत काडेपेटीच्या चित्राएवढी फिल्म असते. अंगावर किरण पडले की ती काळवंडते, आणि महिनाअखेर ती वाचून माणसाला किती ‘डोस’ झाला ते ठरते. मला कशाला, मी तर कँटीनच्या पलीकडे जात नाही, असे विचारले. नियम सर्वांना सारखा, म्हणाले. लावला. पुस्तकी माणसाला छातीवर काहीतरी मिरवायला मिळाले हेही थोडके नाही.

घरी येऊन पाहतो तो पलंगाच्या हुकांना असेच आठ बिल्ले. आमच्या फ्रॉकवालीची मालमत्ता खुंटीवर आणि हुकांवर ही पलटण. मेहुण्यांनी खालच्या आवाजात उलगडा केला. ते कचरा विभागात कंत्राटी कामगार: आतले वापरलेले हातमोजे, फडकी, गाळण्या पिंपांत भरायच्या. वर्षाचा डोस भरला की कंत्राटदार घरी बसवतो, उरलेले महिने काम नाही. म्हणून त्यांच्या टोळीतले आठही जण बिल्ला घरी ठेवून जातात. फाटकावर पास पाहतात. बिल्ला झग्याच्या आत असणार असे धरून चालतात. कामावरच्या कपाटांची झडती होते, म्हणून सगळे आमच्या मागच्या खोलीत. कुणाला सांगू नका दादा, आठ घरं आहेत.

माणूस कामावर आणि बिल्ला रजेवर, असे मी म्हणालो. ते हसले नाहीत.

मी मात्र दिवसा माझा इमानाने लावतो आणि संध्याकाळी नवव्या हुकाला अडकवतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस सकाळी मळमळते. कँटीनला दोष दिला. कँटीन असतेच त्यासाठी.

आज एक पुण्यकर्म केले. प्रश्नपत्रिका स्वयंपाकघरात झोपते आणि तिचे पाय टेबलाखालून बाहेर येतात, हे सकाळी पाहिले. धाकटीला सांगितले, माझं अंथरूण पुढच्या खोलीतल्या बाकावर टाक, पलंग जिचा तिला दे. धाकटी म्हणाली, दादा तुझी पाठ. म्हटले, माझ्या पाठीने याहून वाईट संपादक सोसले आहेत. पोरीने पलंगावर अशी उडी मारली की नऊही बिल्ले किणकिणले. आता ती त्यांना माणसे समजते. प्रत्येकाला टोपणनाव दिले आहे, उठल्यावर नावे घेऊन विचारपूस करते. माझ्या बिल्ल्याचे नाव ‘मास्तर’. हे दिवसभर इथे झोपतात तर पगार कोणाला मिळतो, असे तिने विचारले. प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण दिले.

कितीतरी वर्षांनी कुणासाठी काही केल्यासारखे वाटले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बिल्ले जमा झाले, नवे आले. मासिकाचा माझा पहिला अंक छापून आला. मुखपृष्ठावर फूल. पान तीनवर माझे वाक्य: ‘कचरा विभागातील बांधवांच्या नोंदी सलग दुसऱ्या वर्षी शून्याजवळ.’ हे वाक्य लिहिताना आठ हुक डोळ्यांपुढे आले. तरी लिहिले. शैली मात्र निर्दोष आहे.

७ मार्च, शुक्रवार

पोरीच्या नाकातून दोनदा रक्त आले. वसाहतीचा डॉक्टर म्हणतो, अशक्तपणा. लोहाचे औषध दिले. तिने डॉक्टरला विचारले, लोखंड पोटात गंजत नाही का. डॉक्टरही नापास.

१४ मार्च, शुक्रवार

फेब्रुवारीचा निकाल लागला. नऊच्या नऊ बिल्ले काळेकुट्ट. सुरक्षा विभागाने सगळ्यांना बोलावून विचारले, बिल्ले चुलीजवळ ठेवले होते का. टोळीतल्या आठांनी एकमेकांकडे पाहिले आणि एका सुरात म्हणाले, हो साहेब, कँटीनच्या भट्टीजवळ. वहीत शेरा पडला: ‘उष्णतेने खराब. नोंद शून्य धरावी.’ बाहेर येऊन त्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या.

मलाही विचारले. मीही हो म्हणालो. वेगळे काय म्हणणार होतो? पण माझा बिल्ला कधीच भट्टीजवळ नव्हता.

घरी आलो तर धाकटी पोरीची उशी झटकत होती. केस निघाले. फार.

१८ मार्च, मंगळवार

आज फिल्म वाचणाऱ्या बाईंकडे गेलो. मी त्यांना वाचनबाई म्हणतो. त्यांना ते आवडते, एरवी त्यांना कुणी काहीच म्हणत नाही. पंचवीस वर्षे भिंग डोळ्याला लावून बसलेली बाई. सहज म्हणून माझी फिल्म दाखवायला सांगितले.

त्या म्हणाल्या, मास्तर, उष्णतेने फिल्म डागाळते, ढगासारखी. ही सारखी काळी आहे. आणि ही बघा, कडा. बिल्ल्यातल्या पत्र्याची सावली सुरीने कापल्यासारखी. माणूस वाकतो, चालतो, सावली पुसट होते. हा बिल्ला लावणारा माणूस महिनाभर बहुतेक वेळ हललेलाच नाही. बाकीचे आठ तर अजिबातच नाहीत. मी शेरा मारायला नको म्हटलं होतं. मला वाचायचं काम आहे, म्हणायचं नाही.

आत जाणारे आठ आणि कँटीनच्या पुढे न जाणारा मी. आमच्यात एकच गोष्ट समान: तो पाइप.

धावत घरी आलो. या वयात धावणे म्हणजे काय ते रस्त्याने पाहिले. पोर पलंगावर झोपली होती, गाल हुकांच्या बाजूला. उचलून स्वयंपाकघरात आणली. मागच्या खोलीला कुलूप घातले. धाकटीला सांगितले, ढेकूण झालेत.

संध्याकाळी मेहुण्यांना अंगणात गाठले. पाइप कुठले, विचारले. आतले सामान जिथे धुतात त्या धुलाई शेडमागच्या, टाकून दिलेल्या पाइपांच्या ढिगातले. सगळेच नेतात, कुणी दोरीला, कुणी खिडकीला. पहारेकरी पाठ करून उभा राहतो. बोलता बोलता त्यांचे त्यांनाच उमगले — खाली बसले. तोंडात मूठ घातली, आत आवाज जाऊ नये म्हणून. मग माझे पाय धरले. आठ घरं, दादा. बिल्ले घरी होते हे कळलं तर आठही आत जातील. रविवारपर्यंत थांबा, मी सगळं निस्तरतो. पोर आता त्या खोलीत नाहीच ना.

मी थांबतो म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

पोरीला मोठ्या इस्पितळात हलवले. ताप. तोंडात फोड. तिथला डॉक्टर तरुण, सभ्य. काही विषारी खाल्लं का? घरात काही रंग, औषध? कशाच्या संपर्कात? तीनदा विचारले. तिन्ही वेळा मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी खिडकीकडे.

शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांतले काहीही नसलेले असे एक तत्त्व आहे, असे आम्हाला पाठशाळेत शिकवले होते. ते परब्रह्म, असे गुरुजी म्हणत. त्या पलंगावर मी नऊ रात्री झोपलो. वास नव्हता. आवाज नव्हता. गादी छान होती.

२३ मार्च, रविवार

मेहुण्यांनी निस्तरले. पलंग भंगारवाल्याला देऊन आले. हातगाडीवर घालून, चादर झाकून, भर दुपारी. घराबाहेर गेला ना, म्हणाले. त्यांच्या हातांना फोड आले आहेत.

घराबाहेर म्हणजे कुठे?

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरला सर्व सांगितले. त्याने लेखणी खाली ठेवली. म्हणाला, चार दिवस आम्ही दुसऱ्याच रोगाची औषधं देत होतो.

धाकटी ऐकत होती. तिने एकच विचारले, तुला कधीपासून माहीत होतं. मंगळवारपासून, म्हणालो. तिने बोटांवर दिवस मोजले. मला म्हणाली, पलंग तिला दे असं तूच म्हणाला होतास.

हो.

ती मला दादा म्हणाली नाही.

२६ मार्च

सुरक्षा विभागाला लेखी दिले. तिथल्या साहेबांनी वही उघडून दाखवली: फेब्रुवारीची नोंद शून्य. मग माझेच मासिक उघडले, पान तीन. म्हणाले, तुम्हीच लिहिलंय की, मास्तर. पाइप आमच्याकडून गेल्याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे गेला नाही. आणि घरी जाऊन विश्रांती घ्या, तुम्ही फिके दिसता.

मेहुणे टोळीच्या आठही घरी गेले आणि खरे सांगितले. दोघांनी दार उघडले नाही.

२८ मार्च

इस्पितळ. काचेच्या पलीकडे. डोक्यावर केस नाहीत — माझ्याकडे बोट दाखवून हसली, तूही असाच दिसशील म्हणून. दाढी विंचरताना माझ्याही — असो. नर्स म्हणाली, काल तिने विचारलं, मी बरी होणार की नुसती दिसणार. नर्सने काय उत्तर दिले, ते मी विचारले नाही.

२९ मार्च

वाचनबाईंनी किरण मोजायचे यंत्र आणले, विभागाला न विचारता. भंगाराच्या आवारात शिरताच ते कडकडू लागले. भंगारवाला हसला — चांगला पाइप कोण वितळवतो साहेब, कापून ठेवला की तासात जातो. कुणाला? येतात लोक — नावं कोण विचारतं —

त्याचा मुलगा त्याच ढिगावर बसून —

उठवला. ओरडलो. त्याला वाटले मी वेडा आहे.

३० मार्च

दोन सापडले. वाचनबाईंना कामावरून कमी केले. आज एकटाच फिरलो. चार पावले, मग भिंत धरून उभा. रक्त थांबत नाही नाकाचे —

३१ मार्च

ज्याच्या हाती ही वही येईल त्याला. क्रमाने लिहितो. हात नीट चालत नाही.

पलंग सात पाइपांचा. चार पाय, दोन लांब, एक उशाकडचा.

चार पाय: भंगाराच्या आवारात, मागच्या कोपऱ्यात. वीस पावलांवर दोर बांधला आहे. आत जाऊ नका. मुलांना जाऊ देऊ नका.

लांब, पहिला: न्हाव्याच्या दुकानाच्या छपराला लावला होता. काढला, कोपऱ्यात टाकला.

लांब, दुसरा: धोब्याची वाळवणाची दांडी. काढला. त्याच्या बायकोला डॉक्टरकडे न्या.

उशाकडचा: सर्वांत वाईट तोच. भंगारवाल्याला आज सकाळी आठवले. एक माणूस घेऊन गेला, नुकताच बाप झालेला. पाळण्याला दांडी हवी होती. दांडी चकचकीत पाहिजे म्हणाला. घर भंगारवाल्याने समजावून सांगितले — मला एकट्यालाच — वाचनबाईंना अजून कळवलेले नाही —

फोन वाजतो आहे. धाकटीचा. सात दिवसांत तिने मला फोन केलेला नाही.

आधी हे लिहून पुरे करतो, मग घेतो. घर पुलाच्या पलीकडे — थांबत नाही हा — पुलाच्या पलीकडे, दुसरी गल्ली, उजव्या हाताला —