एक गाठ, दोन गाठी

९ जानेवारी २०२५

आली एकदाची! टेम्पोवरून उतरवली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. लाल, उघडी, दोनच सीटची, जमिनीला टेकल्यासारखी विलायती गाडी. बासष्ट सालची. जुन्या जालन्यात रिक्षा आणि धान्याचे ट्रक बघणारे लोक – त्यांनी हात लावून लावून निम्मी धूळ तिथेच पुसून काढली.

घनसावंगीच्या कारभारीकाकांची आहे. त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेली. काका दुकानात शिरताच म्हणाले, "कडूबा मिस्त्री कुठंयत? चौऱ्याऐंशीला हिची सगळी वायरिंग त्यांनीच केल्ती." मी खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबांना बघून काका पुढे झाले. मग वाकून त्यांचा डावा हात हातात घेतला. "जयभीम, मिस्त्री." उजवा हात जुलैत लकव्याने गेला. वाचाही गेली. एक "हां" तेवढा उरलाय, तोही कधी येतो, कधी नाही.

१६ फेब्रुवारीला काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. द्वारकाकाकूंना लग्न करून याच गाडीतून घरी आणलं होतं. आता पुन्हा तसंच गावी न्यायचंय, पहाटे, अंधारात. "म्हणून लाइट पक्के पाह्यजेत, पोरी. रस्त्यात बंद पडली तर म्हातारी आणखी पन्नास वर्षं ऐकवीन."

पोरी! अडतीस वर्षांची पोर. बरं वाटलं ऐकून.

१० जानेवारी

डॅशबोर्डखाली उंदरांचा संसार. वायरींचं रबर पापडासारखं तुटतंय. डायनॅमो मेलेला. फ्यूज दोन – अख्ख्या गाडीला दोन!

१३ जानेवारी

आज माती खाल्ली.

तपासायला म्हणून बॅटरी जोडली. वीस वर्षं जोडते तशी, निगेटिव्ह बॉडीला. मागून बाबा खुर्चीच्या हातावर डावा पंजा आपटायला लागले. थाड थाड थाड. मी वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "गप बसा ना बाबा, काम करू द्या." आणि जुन्या रेडिओतून धूर!

ही गाडी उलटी आहे. पॉझिटिव्ह बॉडीला. त्या काळातल्या विलायती गाड्या अशा असायच्या, हे मला बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. मी विसरले. ते नाही विसरले.

काकांना फोन करून कबूल केलं. ते म्हणाले, "रेडिओ तर माझ्या लग्नातबी वाजला न्हाई. जाऊ द्या त्याला."

नंतर बाबांपुढे जाऊन बसले. माफी मागायची होती, पण आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नाही. त्यांचा चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. आतमध्ये माझा बाप शाबूत आहे! रेडिओ गेला तर गेला.

१५ जानेवारी

बाबांना व्यायामाला नेलं. तिथली अक्षता मॅडम – मॅडम कसली, पंचविशीची पोरगी – रंगीत रिंगा देते आणि त्या-त्या रंगाच्या खुंटीत घालायला सांगते. निळी बरोबर. पिवळी बरोबर. लाल हिरव्या खुंटीत. हिरवी लाल खुंटीत.

"काका, नीट बघा ना." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी रिंग मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसले. जिन्यात अक्षता हळूच म्हणाली, "लकव्यात कधीकधी असं होतं, ताई."

म्हणजे रंगही गेले. वायरींमध्ये जन्म घालवलेल्या माणसाचे रंग! परमेश्वर असता तर त्याला जाब विचारला असता. आमच्याकडे तीही सोय नाही.

१६ जानेवारी

डोळे सारखे भरून येतात. गिऱ्हाइकांना सांगितलं, धूळ गेली.

१९ जानेवारी

डॅशबोर्ड खोलला. टेपच्या आत सगळ्या वायरी ग्रीस आणि काजळीने काळ्याठिक्कर. आणि कितीतरी वायरींच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी! कुणाला एक, कुणाला दोन. कुणाला एकही नाही. बाबांच्या हाताखाली वीस वर्षं काढली, त्यांना कधी अशी गाठ मारताना बघितलं नाही.

एक तुकडा कापून घरी नेला. आई तांदूळ निवडत होती. बघितलं आणि ताट खाली ठेवलं.

"हा तर माझ्या रिळाचा दोरा."

"कशाच्या गाठी गं?"

"असत्यात एकेकाच्या सवयी. त्यांचं काम त्यांनी केलं, तुझं तू कर."

आणि उठून आत गेली. आमच्या मातोश्री बेबीनंदाबाई बोलायच्या थांबल्या म्हणजे काहीतरी नक्की आहे. ही बाई दूधवाल्याशीसुद्धा अर्धा तास बोलते.

२२ जानेवारी

आज लिहूनच टाकते.

संघपालचा पुण्याहून फोन. "ताई, किती दिवस ग्रीसमध्ये बसून राह्यणार? बंद कर दुकान." धाकट्या भावाला सांगायला काय जातं! बारावीला मला बहात्तर टक्के होते. डी.एड.ला नंबर लागला होता. मला शाळेतली बाई व्हायचं होतं. खडू, फळा, कडक इस्त्रीची साडी – सगळं मनात ठरलेलं. बाबा म्हणाले, "नको जाऊ. तुझ्याबिगर दुकान चालत न्हाई." आणि दोन वर्षांनी संघपालला मात्र डिप्लोमाला पाठवलं. त्याच्याबिगर बरं चाललं!

मी काय समजायचं ते समजले. पोरगी आहे, हाताशी आहे, राबवा. ते एक वाक्य वीस वर्षं घशात अडकलंय. कधीतरी कडाकडा भांडेन म्हणून ठेवून दिलं होतं. आता ज्याच्याशी भांडायचं त्याला मीच घास भरवते.

आणि ह्याच माणसाने मला रंग शिकवले. पाच वर्षांची असेन. हत्यारांच्या पेटीवर मला बसवायचे आणि ट्रकखालून वायर पुढे करायचे. "कंची हाय, सांग बरं?" मी ओरडायचे – "हिरवी!" "शाब्बास!" मग सदऱ्याच्या खिशातून लिमलेटची गोळी. शाळेत जायच्या आधी मला सगळे रंग येत होते, बाई चकित झाल्या होत्या. इतकं मन लावून शिकवणारा बाप! मग पुढे शिकू का दिलं नाही?

२९ जानेवारी

जुनी वायरिंग अख्खी बाहेर काढली. तुकडे दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर पसरली, तिच्या मापाने नवी बांधली. कुठली वायर कुठे जाते ते टेस्ट लॅम्प लावून काढलं. बाबांचा पहिला धडाच तो – "रंगावर जाऊ नको. रंग फसवतो. लॅम्पला इचार." तसंही काजळीने सगळ्यांचा रंग एकच झालाय.

डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. हेडलाइटना रिले. फ्यूज आठ. आणि बॉडीची अर्थिंग आता बाकीच्या गाड्यांसारखी, निगेटिव्ह. बॅटरी जोडायच्या आधी या वेळी बाबांना दाखवली. "बाबा, आता सुलटी करून राह्यले. बराबर हाय?"

"हां."

आला! स्पष्ट आला!

दुपारभर त्यांची खुर्ची चादरीजवळ होती. डाव्या हाताने एकेक जुनी वायर उचलत होते, बोटं टोकापर्यंत नेत होते. गाठ लागली की थांबायचे. बघायचे नाहीत. नुसते चाचपायचे.

८ फेब्रुवारी

लागले!! दोन्ही हेडलाइट! समोरच्या कापड दुकानाची पाटी भरदिवसा उजळली. चार्जिंगचा काटा बरोबर मध्यावर. हॉर्न असा की गल्लीतली कुत्री पळाली.

काका-काकू दोघं बघायला आले. काकू गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "मला पुन्हा ढकलावी लागंल का एवढंच सांग, ज्योत्स्ना. लग्नाच्या दिवशी शालू खोचून मीच ढकलल्ती." काका दुसरीकडे बघायला लागले. मी शब्द दिला, ढकलावी लागणार नाही. काकूंनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मिस्त्री, पोरगी तुमच्यापेक्षा वरचढ निघाली बरं का." बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी राहिली तशीच.

९ फेब्रुवारी

जुनी वायरिंग भंगारात जाणार. आठवण म्हणून दोन तुकडे ठेवावेत असं वाटलं. पेट्रोलच्या फडक्याने पुसले. एक गाठ होती ती लाल निघाली. दोन गाठी होत्या ती हिरवी. मग खाली बसून सगळ्याच पुसल्या. एक गाठ – लाल. दोन गाठी – हिरवी. एकसुद्धा चूक नाही. निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या वायरींना गाठच नाही.

चौऱ्याऐंशी साल! लकवा गेल्या जुलैतला.

घरी पळत गेले. आई म्हणाली, "जन्मापासून त्यांना लाल-हिरवं एकच दिसतं. आदी मी रंग सांगायची, ते गाठी मारायचे. मंग तू बोलाया लागली. बाहेर कळलं असतं तर एक गिऱ्हाईक दारात उभं राह्यलं नसतं. मला शपथ घातल्ती."

ते मला रंग शिकवत नव्हते. मला विचारत होते.

माझ्याबिगर दुकान खरंच चालत नव्हतं.

परत आले. बाबांपुढे पेटीवर बसले, एक वायर त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "हिरवी, बाबा."

त्यांनी वायर मांडीवर ठेवली. हात सदऱ्याच्या खिशात गेला. गोळी शोधत होते.