हलकं काम

१५ सप्टेंबर
परत आलो एकदाचा! निघताना तनुजानं हातावर दहीसाखर ठेवली, नवा शर्ट इस्त्री करून दिला. लग्नातही मी इतका नटलो नव्हतो. आकुर्डीहून कंपनीच्या बसनं चाकणच्या नव्या प्लांटला पोचलो.

पेंटशॉपमधल्या वाफांनी दमा जडला, म्हणून रजेवर गेलो होतो. आता कामावर आहे की नाही, हे कुणी सांगतच नव्हतं. आज एचआरच्या मिनल मॅडम गोड हसून म्हणाल्या, की निर्णय वर अडकलाय, तोवर हलकं काम करा. हलकं म्हणजे किती? पेंटबूथला लागून काचेची खोली, खुर्ची, एसी, चहा जागेवर. नुसतं बसायचं आणि खोकला आला तर बटण दाबायचं. कंपनीचा जावईच झालो की राव! फोन गेटवर जमा होतो, म्हणून वेळ घालवायला ही वही आणलीय.

१८ सप्टेंबर
खुर्चीखाली जुन्या चपला सापडल्या. सुपरवायझर उद्धवराव म्हणाले, त्या सोनबाच्या, त्यो बी छातीचाच पेशंट हुता. उद्धवराव इथल्याच गावचे, कंपनी त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे साहेबही त्यांना दबून असतात. सोनबा कुठे गेला विचारलं, तर त्यांनी चहा मागवला.

दुपारी छाती आवळली. खोकलो, बटण दाबलं. माणसं धावत आली आणि माझ्याकडे न बघता बूथच्या पाइपकडे गेली. पाइप गळत होता. उद्धवरावांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, ग्यासच्या मीटरला कळाया लई येळ लागतो, तुला आदी कळतं.

तेव्हा बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर मात्र अंगावर काटा आला.

२४ सप्टेंबर
मिनल मॅडमशी भांडलो. मी कामगार आहे की नाही ते एकदा सांगून टाका म्हटलं. त्या म्हणाल्या, दसऱ्यानंतर नक्की सांगू, पण मधेच खोली सोडलीत तर तुम्हीच नोकरी सोडली असं धरावं लागेल.

तनुजा म्हणते, खड्ड्यात गेली नोकरी. पण सोडली, तर हे दुखणं कंपनीनं दिलंय असं म्हणायची सोयही गेली. संताप येतो नुसता. दम्याचा पंप आता हातातच असतो.

२९ सप्टेंबर
आज गळती नव्हती. काचेतून पाहिलं मी. उद्धवराव थिनरचा डबा उघडून दाराच्या फटीशी धरून उभे होते. मी नीट चालतोय का, ते बघायला.
खोकलो. त्यांनी समाधानानं मान हलवली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळपासून लाइन बंद. सगळी यंत्रं धुतली, कुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या बटणालाही माळ. मग सगळे माझ्या खोलीत आले. उद्धवरावांनी खुर्चीला हळदकुंकू वाहिलं, मग माझ्या कपाळाला लावलं. गळ्यात माळ घातली, पायाशी नारळ फोडला. मी हसत होतो. पेढा माझ्यापुढे ठेवला — हातात नाही दिला.

उठायला लागलो, तर त्यांनी खांदा दाबला. म्हणाले, पुजल्यालं दसऱ्यापातूर हलवायचं न्हाई. थट्टाच वाटली. सगळे गेले. दाराला बाहेरून कडी.
बसचा हॉर्न ऐकला. लांब गेला.

दुपार
वाफा ओढणारे पंखेही बंद आहेत — पुजलेत ना. वास येतोय. बूथमध्ये कुठला तरी डबा उघडा राहिलाय —
बटण दाबलं. मेन स्विचच बंद —
खुर्ची आपटली. काच जाड आहे. उचलायला आता दम नाही —

पंप संपला.

तनुजा, संध्याकाळी वाट —
खोकतोय. चालतंय, उद्धवराव, तुमचं मशीन चालतंय —

मिनल मॅडम, कळलं मला. दसऱ्यानंतर सांगायची गरज नाही. कामगारांना आज सुट्टी आहे. सगळे कामगार घरी गेले, म्हणजे मी —