आमच्या अंगणातलं बस्तर

१७ नोव्हेंबर २००२

पाय दुखून राहिले. साडेतीन घंटे उभी होती मी आज — अन् अकरा बाया बसून होत्या! सोफ्यावरची प्लास्टिकची पन्नी अजून काढलेली नाही, कोणी हललं की चरचर आवाज. तेलीबांध्याची नवी कॉलनी. रायपूर राजधानी झालं, भोपाळहून साहेब आले, साहेबांसोबत त्याईच्या बाया, अन् बायाईसोबत त्याईची रिकामी दुपार. त्या दुपारीले पार्टी म्हणतात.

घर राधिका मॅडमचं. ही नागपूरकडची, मराठी. गोल बाजारात मी धागा घेत होती तर माझ्या गळ्यातला मातीच्या मण्यांचा हार पाहून मागेच लागली. "तुम्ही केला? स्वतः?" जसं काही मी बंदूक बनवली! म्हणाली, माझ्याकडे बायका जमवते, सगळे हार घेऊन या.

घेऊन गेली. टीपॉयवर मांडले. एकेकीनं दोन बोटांनी उचलून पाहिले, मेलेला उंदीर उचलतात तसे. त्यात एक सोनिया भाभी — सगळ्यात मोठ्या साहेबाची बायको. ती हसली की बाकीच्या हसतात, ती खोकलली की पंखा बंद करतात. मले विचारते, "आप लोग कौन हुए? सरनेम क्या है?"

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात राधिका मॅडम मधातच, "अरे, ये तो बस्तर में काम करती हैं! वहाँ की आदिवासी औरतें बनाती हैं ये सब."

मी? बस्तर? जगदलपूर कोणत्या बाजूले आहे हे मले धड सांगता येणार नाही! मणी मीच वळते, बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांमागच्या अंगणात, अन् धानाच्या भुशात भाजते. धूर झाला की शेजारीण खिडकी आपटते. हेच माझं जंगल.

पण ते बस्तर ऐकलं अन् काय जादू झाली! "हाऊ एथनिक!" "कितना अर्दी!" — म्हणजे मातीतलं. दोन बोटांनी उचलत होत्या त्या दोन हातांनी ओढायले लागल्या. एकही हार उरला नाही.

मी चूप राहिली. हे भी लिहून ठेवते. चूप राहिली.

१८ नोव्हेंबर

यांना सांगितलं. हे वॅगन शॉपमधून, म्हणजे रेल्वेच्या मालडबे दुरुस्तीच्या कारखान्यातून, येऊन हात धूत होते. म्हणे, "म्हणजे मी आता रेल्वेचा भैय्यालाल मेश्राम नाही, बस्तरचा मुखिया झालो काय?" अन् रात्रीच्या जेवणापर्यंत मले "मुखियाईन" म्हणून हाका मारल्या. यांना सगळ्याचीच गंमत वाटते.

दीक्षाले नाही वाटली. "मम्मी, आपने बोला क्यों नहीं?" — पोट्टीशी मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. कॉलेजात गेल्यापासून तर भांडते भी हिंदीत.

म्हटलं, विकलं गेलं नं? ती वही उचलून दुसऱ्या खोलीत गेली.

४ डिसेंबर

परवाची, म्हणजे सहा तारखेची पार्टी राधिका मॅडमनंच आठ तारखेवर ढकलली. कारण काही सांगितलं नाही. ब्युटी पार्लर असंल! माझं बरंच झालं. सहा डिसेंबरले मी तशी भी जाणार नव्हती. तिले काय सांगावं हाच प्रश्न होता.

८ डिसेंबर

आज तर मी कमालच केली!

नवा नमुना नेला होता. गोल गोल वेटोळं, मधात बारीक मणी. सोनिया भाभी विचारते, "इस डिज़ाइन का मतलब क्या है? ट्राइबल लोगों में हर चीज़ का मतलब होता है न!"

खरं सांगायचं तर ती वॅगनची स्प्रिंग आहे. दोन वर्षांआधी यांनी कागदावर काढून दाखवली होती, आज अशी तुटली म्हणून. मले तो आकार आवडला. पण हे त्या पन्नीच्या सोफ्यावर कसं सांगावं?

"महुआ का फूल है," म्हटलं मी. "लड़की की बिदाई में पहनाते हैं."

अकरा बाया एकदम, "हाssय!" एकीच्या तर डोळ्यात पाणी आलं! वॅगनच्या स्प्रिंगसाठी! राधिका मॅडमनं मान खाली घालून चहा ढवळला. साखर केव्हाचीच विरघळली होती, तरी ढवळत होती.

घरी येऊन यांना सांगितलं. हे खाटेवर पडून हसले. मग म्हणाले, "पण स्प्रिंग माझी होती, माया."

१९ डिसेंबर

मॅडमनं छापील चिठ्ठ्या पाठवल्या, प्रत्येक हाराले बांधायले. वर लिहिलं — "बस्तर की बहनें". बाजूले एक नाचणारी बाई, डोक्यावर शिंगं.

दीक्षानं एक उचलली, उलटी केली, सुलटी केली. "इसमें आपका नाम किधर है?"

कुठंच नाही. मी बांधत गेली. हातांना सवय आहे, चालतच राहतात. पण आज त्या शिंगवालीचा मले राग येऊन राहिला होता. तिचा काय दोष म्हणा! तिले तर कोणी विचारलंही नाही.

१२ जानेवारी २००३

आता मजा ऐका. म्हणजे कोण ऐकणार, ही वहीच.

सोनिया भाभीनं मोठं प्रदर्शन ठरवलं आहे, क्लबच्या हॉलमध्ये, दोन फेब्रुवारीले. कोणत्या तरी फार मोठ्या साहेबाच्या मिसेस फीत कापतील. अन् भाभीची फर्माईश — "दो-तीन आदिवासी औरतें चाहिए. बैठके बनाएँगी, फ़ोटो अच्छा आएगा."

राधिका मॅडमनं मले स्वयंपाकघरात ओढलं. तोंड पांढरं. "ताई, कुठून तरी दोघी आणा ना. मी आता कशी निभावू?" लबाडी केली तेव्हा कशी पटकन जमली! म्हटलं, आणते — झाडाले लागल्या असतील तर तोडून आणते.

माझी नणंद शारदा गोंदियाहून आली आहे. तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. गंमत म्हणून तिले विचारलं, बसशील काय? तिनं चष्मा काढला. "मी पोट्ट्यायले भूगोल शिकवते, वहिनी. मीच बस्तर होऊन बसू?" अन् मग असं हसू फुटलं आम्हाले की भात लागला.

२४ जानेवारी

सोनिया भाभीनं स्वतःच मार्ग काढला. सगळ्यांसमोर मले वरून खाली पाहिलं, बाजारात वांगं पाहतात तसं.

"आप ही बैठ जाइए न. साड़ी घुटने तक, दो-चार मालाएँ. रंग तो है ही."

रंग तो है ही.

बाया हसल्या. वाईट नाही, सहज हसल्या. तेच जास्त लागलं. अन् राधिका मॅडम? भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. जानेवारी महिना इतका मन लावून कोणी वाचला नसंल.

"हव," म्हटलं मी. "येते."

२५ जानेवारी

यांना सांगितलं नाही, हसतील म्हणून. मग सांगितलं. हसले नाहीत.

२ फेब्रुवारी

निळी साडी नेसली. घोट्यापर्यंत. लग्नातली, एकदाच नेसलेली. दीक्षानं निऱ्या धरल्या अन् विचारलं, "क्या करने वाली हो?" म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

हॉलमध्ये माझ्यासाठी चटई टाकलेली. बाजूले मडकं, मडक्यावर तीर-कमान! सोनिया भाभीनं साडी पाहिली अन् तिच्या भुवया केसांत गेल्या. बोलायले वेळ नव्हता, मोठ्या साहेबाच्या मिसेस दारात आल्या होत्या. बाई तशी साधी वाटली. स्प्रिंगचा हार उचलून विचारलं, "ये किसने बनाया?"

"बस्तर की—" भाभी सुरू झाली.

"मैंने," मी म्हटलं. माझा आवाज मलेच मोठा वाटला. "माया मेश्राम. बूढ़ापारा में रहती हूँ. मैं बस्तर कभी नहीं गई. और ये महुआ का फूल नहीं है, वैगन की स्प्रिंग है. मेरे आदमी रेलवे में हैं. फूल मैंने झूठ बोला था."

कोणीतरी फिसकन हसलं. मग कोणीच नाही. कॅमेरावाल्यानं तेवढ्यात फोटो काढला, त्याले काय!

सोनिया भाभी, हळूच, "मेश्राम? मतलब?"

"मतलब बौद्ध. भंडारा ज़िले के."

भाभीच्या गळ्यात माझाच हार होता. तिनं तो काढला, टेबलावर ठेवला, अन् रुमालानं मान पुसली. घाम आला असंल. फेब्रुवारीत!

मोठ्या बाई "अच्छा, अच्छा" म्हणत लोणच्याच्या टेबलाकडे गेल्या. सगळ्या जणी त्याईच्या मागे गेल्या, लोणच्यात एकदम भयंकर रस आला सगळ्यायले.

मी राधिका मॅडमकडे पाहिलं. एक शब्द! मराठीत, हिंदीत, कशातही. एक शब्द बोलली असती तर! ती मागच्या दारानं निघून गेली, चपलांचा आवाज न करता. भित्री कुठली. सोनिया परवडली, निदान तोंडावर तरी मान पुसते.

हार गोळा केले. "बस्तर की बहनें" सगळ्या चिठ्ठ्या तोडून मडक्यात टाकल्या अन् पायी घरी आली. वाटेतल्या तलावापर्यंत पळतच होती. तलावापुढे सावकाश चालली.

६ फेब्रुवारी

कोणाचा निरोप नाही. येणारही नाही.

दीक्षा स्प्रिंगवाला हार घालून कॉलेजात गेली. संध्याकाळी म्हणाली, तिच्या कॉलेजातल्या मॅडमनं विचारलं कुठून घेतला. "तू काय सांगितलं?" मी विचारलं.

"माझ्या आईनं बनवला."

मराठीत म्हणाली! मी पोळी लाटत होती, लाटतच राहिली. तिच्याकडे पाहिलं असतं तर तिनं लगेच हिंदी सुरू केली असती.

११ फेब्रुवारी

राधिका मॅडमची नक्कल केली आज — ते कॅलेंडर वाचणं, ते चहा ढवळणं, ते मागचं दार. शारदा पुन्हा आली आहे, ती इतकी हसली की पोट धरून बसली. हे म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केली.

१६ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. राधिका मॅडम. एकटी, सायकल रिक्षानं आलेली. मी उंबरठ्यातूनच विचारलं, "आता काय राहिलं?"

ती आत आली नाही. बोलली तर तिचं ते गुळगुळीत मराठी कुठंच नव्हतं. "तुम्ही नाव सांगितलं अन् मले भेव वाटलं, की आता माह्याकडे पाहतील. मी नागपूरच्या इंदोऱ्याची, आपल्याच वस्तीतली. माहेरचं आडनाव गजभिये. इथं कोणालेच माहीत नाही, पोरालेही नाही सांगितलं आम्ही."

मग तिनं हात जोडले. गल्लीत कोणी आहे काय ते पाहिलं नाही.

"जय भीम, ताई," म्हणाली. मोठ्यानं.