बुडाची ओळ

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून चालते. आम्ही दोघी बऱ्या आहोत, म्हणजे आईचे डोळे जवळजवळ गेले आणि माझी कंबर गेली, बाकी सगळं जागच्या जागी आहे.

तू सुटून तीन वर्षं झाली. त्याआधीची नऊ धरली तर बारा. बारा वर्षांत पहिलं पत्र आणि तेही कामाचं, म्हणून नाक मुरडशील. खुशाल मुरड. खाणीचा मुकादम दगड उतरवायला आला होता, त्याच्याकडून तुझा पत्ता काढला. तो देत नव्हता. मी त्याच्या टेम्पोच्या टपावर हातोडा आपटला आणि गप्प उभी राहिले, मग दिला.

काम असं आहे. शहराची जुनी दफनभूमी उकरतायत. पाण्याची मोठी वाहिनी तिथून जायची आहे. ज्या घराण्याला आपली माणसं दाखवता येतील, त्यांचे दगड आणि हाडं नव्या जागेत एकत्र नेणार. ज्यांना कोणी ओळखणार नाही, ते सगळे एका खड्ड्यात. मुदत महिनाअखेरपर्यंत. बाबांची कबर ठाऊक आहे. आजोबा आणि पणजोबा कुठे आहेत ते त्यांनी आपल्याला कधी सांगितलं नाही. विचारलं की थोबाडीत बसायची, आठवतंय? तुला दोन, मला एक, मी लहान म्हणून.

आई म्हणते शोध. मला वाटलं हिला त्यांच्याजवळ जागा हवी असेल. तर म्हणाली, "ते सगळे एकत्र कुठे जातायत ते कळू दे, म्हणजे मला तिथून लांब ठेवता येईल." डोळे गेले तरी जीभ जागेवर आहे.

जुनी नोंदवही पुरात भिजून तिचा लगदा झालाय. तिथला कारकून मला म्हणाला, "बाई, गाडलेले मुडदे कशाला उकरता?" मी त्याच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून खिडकीतून भिरकावला. गोळा त्याच्या कानावरून गेला, काच फुटली. मग मी माफी मागितली आणि त्यानं परवानगीचा कागद लगेच दिला. माझा हा स्वभाव कुणाचा आहे ते तू सांगू नकोस.

नोंद नाही तर नाही. दगड घडवणाऱ्याच्या घरात हात ओळखता येतो. आजोबा डावरे होते. आपल्या उंबऱ्यावरचं साल त्यांनी कोरलंय, त्यातला प्रत्येक घाव उलट बाजूनं बसलाय. पणजोबांचा दगड आजोबांनीच कोरला असणार, आजोबांचा बाबांनी. तेव्हा रोज दुपारी रांगेरांगेनं बोटं फिरवत हिंडते. बोटांची सालटी निघाली आहेत.

संध्याकाळी परत येऊन कामाला बसते तर आई आतून विचारते, आज कुणाशी भांडलीस? घावावरून कळतं तिला. लहानपणी आपण तिघं एकदम काम करायचो तेव्हाही ती आत बसून सांगायची, हा थोरल्याचा, हा पोरीचा, हा त्यांचा. एकदाही चुकली नाही.

तुझी,
ठिणगी

ता. क. बुडाची ओळ आठवते ना तुला? बाबा म्हणायचे, वरचं लोकांसाठी, बुडाचं मातीसाठी. वर नाव, साल आणि 'शांत झोपला'. मातीत जाणाऱ्या भागावर, आपल्याच घरच्या दगडांना, कसा मेला ते खरं. कुणी वाचायचं नसतं म्हणून खरं. आता कारकून म्हणतो, दगड उपटल्यावर त्यावरचं अक्षर न् अक्षर नव्या नोंदवहीत उतरवणार, मातीतलंसुद्धा. दगड एकदा रोवला की वर येतो असं आपल्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांचा अठ्ठावीस तारखेला उपटणार आहेत. तो मी कोरलाय.


१७ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. माझ्या कपाळाला पाच टाके आहेत आणि उजवा डोळा सुजलाय, म्हणून अक्षर वाकडं.

पणजोबा सापडले. पूर्वेच्या भिंतीकडे, डावऱ्या हाताचा दगड, बोट लागताक्षणी कळलं. मी खूण करून कारकुनाला बोलवायला गेले, तेवढ्यात क्रेनवाल्यानं शेजारचा दगड उचलायला साखळी टाकली आणि आपल्या दगडाला हिसका बसला. मधोमध दोन तुकडे. मी धावत आले ती त्याची गचांडीच धरली. त्यानं मला ढकललं, माझं कपाळ क्रेनच्या कडेवर आपटलं. मग मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. दोघांचंही रक्त एकाच दगडावर सांडलं. चारपाच माणसांनी आम्हाला ओढून बाजूला केलं.

बुडाचा तुकडा उताणा पडला होता. मी ओढणीनं माती पुसली. घरात आपल्याला काय सांगितलं होतं? पणजोबांच्या अंगावर भिंत पडली. बाबा सांगायचे, आजोबाही हेच सांगायचे म्हणे. खाली आजोबांच्या हातानं लिहिलंय:

भिंत पडली नाही. मी मारलं.

मी तिथेच फतकल मारून बसले. क्रेनवाला नाकाला फडकं लावून शेजारी बसला. म्हणाला, "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तुमचं सगळं घराणंच असं आहे म्हणायचं." आणि मला हसू आलं, दादा. टाके नंतर पडले.

दुसऱ्या दिवशी मागच्याच रांगेत आजोबा सापडले, आणि त्याच क्रेनवाल्यानं त्यांचा दगड इतका जपून उचलला की कडेचा टवकासुद्धा गेला नाही. हा बाबांचा हात. आजोबांनी बाबांना साखळीनं मारल्याचे वळ त्यांच्या पाठीवर मरेपर्यंत होते, ते आपण दोघांनी आंघोळीच्या वेळी पाहिलेत. खाली लिहिलंय:

मी मारणार होतो. आधीच गेला.

हे मी बोट फिरवत पुन्हा पुन्हा वाचलं. आपला बाप. ज्यानं तुझा हात दारात घालून दार लावलं. ज्यानं माझी वेणी ऐरणीवर धरून छिन्नीनं तोडली. त्या माणसानं जे केलंही नाही, नुसतं मनात होतं, तेही मातीला खरं सांगितलं. टाकीचे घाव सोसल्यावर देवपण येतं म्हणतात. आपल्या घरात सोसणारे सगळे दगडच राहिले, पण निदान खरे दगड.

काल भर दुपारी मी बाबांच्या कबरीवर गेले. छिन्नी, हातोडा आणि खुरपं घेऊन. बुडापर्यंत उकरायचं आणि ओळ तोडून टाकायची असं ठरवून गेले होते. हातभर उकरलं. पहिलं अक्षर लागलं. मग मी ओळ तोडायची सोडून दगडालाच हाणायला लागले, जिथे लागेल तिथे, शिव्या घालत. 'शांत झोपला' यातला 'शांत' उडाला. रखवालदार आला आणि त्यानं मागून माझे दंड धरले. मी त्याच्या मनगटाला चावले. तो बिचारा म्हातारा, ओरडलाही नाही. म्हणाला, "पोरी, मेलेल्याला अजून किती मारशील?"

त्याला काही ठाऊक नव्हतं. तो आपला सहज बोलला. मी खड्डा बुजवला आणि घरी आले.

आईनं माझा चेहरा चाचपून विचारलं, डोळ्याला काय झालं. मी म्हटलं, दगड उडाला. ती हुं म्हणाली.

तुझी,
ठिणगी

ता. क. बाबांच्या दगडाच्या बुडाशी मी लिहिलंय: मुलानं मारलं.


२८ मार्च

दादा,

आज दगड उपटला. जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर मला लिहिताच यायचं नाही.

आधी ती दुपार. तुला सगळं माहीत आहे, पण मी एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही, म्हणून म्हणू दे. त्यानं आईचे केस धरून तिचं डोकं हौदात दाबलं होतं. तू त्याच्या हाताला लोंबकळलास, त्यानं तुला भिंतीवर फेकलं. मी एकोणीस वर्षांची होते. मी मोठा हातोडा उचलला आणि मागून त्याच्या डोक्यात घातला. तो आडवा झाला. आईचे केस सुटले, ती हौदाच्या कडेला धरून खोकत होती. म्हणजे झालं होतं. काम झालं होतं. तेव्हा मी दुसरा घातला.

पहिला आईसाठी होता. दुसरा माझा. त्याची मला गरज नव्हती, हौस होती.

तू माझ्या हातातून हातोडा घेतलास. दांडा हौदात धुतलास, परत हातात धरलास आणि म्हणालास, "तू आत जा. तुला काही माहीत नाही." मी गेले. नुसती गेले नाही, मला बरं वाटलं. मग नऊ वर्षं तू आत होतास आणि मी एकदाही भेटायला आले नाही, कारण तू जाळीपलीकडून बघितलं असतंस. दगड कोरायला बसले तेव्हा आई शेजारी बसली होती, तिच्यासमोर दुसरं काय कोरणार, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगते. आई पहिल्या अक्षरालाच उठून आत गेली होती. कुणी बघत नव्हतं. मी मातीशी खोटं बोलले.

आज आई हट्टानं आली. तिला खुर्चीवर बसवलं. क्रेनवाल्यानं दगड आडवा ठेवला, कारकून वही घेऊन वाकला आणि मोठ्यानं वाचलं, "मुलानं मारलं." लिहायला लागला. मी म्हटलं, थांबा, ओळ अजून पुरी झालेली नाही. तो माझ्याकडून काच फोडून घेतलेला माणूस, थांबला.

मी दगडावर बसले आणि कोरलं. तासभर लागला. जुनी ओळ मी खोडली नाही, खोटं बोलले तेही तिथे राहू दे. त्याच्याखाली लिहिलं: मुलानं नाही. मी मारलं. दोन घाव.

कारकुनानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "दोनच. मी मोजले होते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती तशीच पुढे बोलली, दगडाचा भाव सांगावा तशी. "हौद दगडाचा आहे. पाण्यातही आवाज येतो. थोरल्याचा घाव तसा पडत नाही, तुझा पडतो."

बारा वर्षं, दादा. तिला बारा वर्षं माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस, त्याला का जाऊ दिलंस. ती म्हणाली, "तो आपणहून पुढे झाला. मला वाटलं, एक तरी घरात राहील."

माझा हात वर गेला. हातात हातोडा होता. मी स्वतःला थांबवलं असं तुला खोटं सांगणार नाही, मी थांबवलं नाही, हात गेलाच होता. आईला दिसत नाही, पण बाहीचा आवाज आला असावा. तिनं हात आडवा घेतला नाही. मान किंचित खाली केली आणि डोळे मिटून बसली. सवय असते ना, तशी. बाबांसमोर बसायची अगदी तशीच.

ते बघून माझा हात खाली आला. मी तिच्यासमोर मातीत बसले आणि रडले, क्रेनवाल्यासमोर, कारकुनासमोर, म्हाताऱ्या रखवालदारासमोर. हातोडा बाबांच्या रिकाम्या खड्ड्यात टाकला. आई हात पुढे करून माझं डोकं शोधत होती. तिला ते सापडायला वेळ लागला, कारण मी लांब बसले होते. मग मी सरकले.

तिघांना नवी जागा मिळाली आहे, शेजारी शेजारी. आईची जागा दुसऱ्या टोकाला, तिनं हातानं चाचपून पसंत केली.

उद्या सकाळी मी चौकीत जाते. काय करतील ते मला माहीत नाही. तुझी नऊ वर्षं कुणी परत देणार नाही, मी तर नाहीच. माफी मागत नाही, मागितली तर तू देशील आणि ते मला सोसणार नाही. एवढंच सांगते की आई एकटी राहील. शेजारीण आठवडाभर बघते म्हणाली आहे. तू यायचंस की नाही ते तू ठरव. नाही आलास तरी मी तोंडातून शब्द काढणार नाही, तो हक्क मला नाही.

आलास तर किल्ली शेजारणीकडे आहे. तुझी छिन्नी आणि लहान हातोडा खुंटीवर आहेत, मी कधी वापरले नाहीत. आत जायच्या आधी बाहेर बसून कुठल्याही दगडावर चार घाव घाल. ती आतून सांगेल कोण आलंय.

या पत्राला ता. क. नाही. खाली ठेवण्यासारखं आता माझ्याजवळ काही नाही.

तुझ्या जागी बारा वर्षं घरात राहिलेली,
ठिणगी