आरशात रस्ता रिकामा होता

४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस की आम्हा बसवाल्यांना रस्ता बापाचा वाटतो. त्याला खरमरीत उत्तर लिहायला घेतलं होतं, दोन पानं झालीही होती. ती फाडून टाकली. आता दुसरंच लिहायचंय.

मंगळवारी सकाळी सव्वानऊला, वाचनालयाच्या कोपऱ्यावर, माझ्या बसने एका सायकलवाल्या बाईंना धडक दिली. मी डावीकडे वळत होतो. बसची कूस त्यांना लागली आणि त्या फुटपाथच्या कडेवर जाऊन आदळल्या. जिवंत आहेत, घाबरू नकोस. गळ्याजवळचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्यात, डोक्याला मार आहे. वय पासष्टच्या आसपास. लोकांच्या घरचे पडदे शिवून देतात, कामालाच निघाल्या होत्या.

ठमे, मी आरशात पाहिलं होतं. बावीस वर्षं वळायच्या आधी पाहतोय, त्या दिवशीही पाहिलं. आरशात रस्ता रिकामा होता. मग धप्प झालं, कुणी वरून गादी टाकावी तसं. मागच्या बाकावरून कुणीतरी किंचाळलं तेव्हा कुठे माझा पाय ब्रेकवर गेला.

त्यांच्या अंगात पिवळंजर्द जाकीट होतं. फळवाल्याला ते दिसलं. पलीकडच्या न्हाव्याला दाढी करता करता काचेतून दिसलं. त्यांच्यापासून चार हातांवर बसलेला मी तेवढा आंधळा.

सध्या मला घरी बसवलंय, चौकशी होईल. तुझी वहिनी म्हणते, चूक त्या बाईंचीच, या वयात सायकल कशाला दामटायची. डेपोतले पाठीवर थाप मारून जातात. मला मात्र काही उमगत नाही. तू रोज सायकल मारतेस म्हणून तुलाच विचारतो. तुम्ही लोक बसच्या कडेने पुढे का घुसता? जाणारच कुठे असता?

फोन करू नकोस. फोनवर मी "बरं आहे" एवढंच म्हणेन.

जावईबापूंना नमस्कार. रागावलीस तरी लोभ आहे तेवढा ठेव.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राजवळ उभ्याउभ्या वाचलं. अर्धं वाचून खाली ठेवलं, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी बसवली, ती उलटी बसवली, परत काढली. मग उरलेलं वाचलं.

आधी रागच आला. बाई दवाखान्यात आणि तू मला विचारतोस, तुम्ही घुसता का. दादा, आम्ही घुसत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेला पांढरी रेघ मारून सायकलींना जागा दिलेली असते, ती नेमकी त्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि तिथे तुम्ही वळता. आम्हाला वाटतं, रेघेच्या आत आहोत तर सुखरूप आहोत. रेघ मारणाऱ्याने बस कधी चालवली नसावी. सायकलही नसावी.

मागच्याच आठवड्यात एक बस माझ्या कोपराला घासून गेली. मी तिच्या पत्र्यावर थापटी मारली. ड्रायव्हर थांबला, खाली उतरला आणि म्हणाला की त्याने मला पाहिलंच नाही. मी म्हटलं, खोटारडा. भर रस्त्यात, चार लोकांत म्हटलं. आता तूही तेच लिहितोयस, आणि तुला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मग त्याला म्हटलं ते बरोबर की चूक? डोक्यात नुसता गुंता झालाय.

एक मात्र करता येईल. रविवारी पहिल्या गाडीने इकडे ये. दुकान बंद असतं, मी तुझे डोळे नीट तपासते. नंबर बदलला असेल, नाहीतर कडेचं दिसणं कमी झालं असेल. पन्नाशीनंतर होतं, आणि माणसाला पत्ता लागत नाही. खरं सांगू? तसंच निघावं अशी माझी इच्छा आहे. म्हणजे निदान काहीतरी निघेल.

ती. वहिनींना नमस्कार. कोपऱ्यावरच्या बाईंची खबर कळव. माझ्या बोलण्याचा राग धरू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी,
ठमी

१८ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू डोळे तपासलेस आणि सगळं ठणठणीत निघालं, तेव्हा तुझं तोंड उतरलेलं मी पाहिलं. मोतीबिंदू निघाला असता तर पेढे वाटले असतेस! मीही घरी येताना गाडीत तोच विचार करत होतो.

काल चौकशीच्या खोलीत मला चित्रण दाखवलं. बसमध्ये एक कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडावर असतो आणि एक बाहेर, डाव्या आरशाखाली. दोन्ही शेजारी शेजारी लावले. एका पडद्यावर मी आहे. मान वळवतो, आरशात बघतो. चुटपुटतं नाही, चांगलं दीड सेकंद बघतो. साहेबांनी घड्याळ लावून दाखवलं. आणि त्याच क्षणी दुसऱ्या पडद्यावर त्या बाई आहेत. सरळ येतायत, रेघेच्या आतून, वेग बेताचा, हँडलला कापडाची गुंडाळी बांधलेली. जाकीट इतकं पिवळं की पडद्यावरसुद्धा डोळ्यात भरतं.

म्हणजे मी त्यांच्याकडेच बघत होतो, ठमे. मी बघतोय हे मी बघितलं. आणि मला अजूनही आठवतो तो रिकामा रस्ता. आजही डोळे मिटले तर आरशात डांबर आणि गटाराचं एक झाकण दिसतं, बाई दिसत नाहीत. मग मी बघितलं काय?

संघटनेचा माणूस मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. म्हणाला, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असं लिहून दे, सुटशील. मी म्हटलं, त्या दिवशी ढग होते. तो म्हणाला, ढग कोण तपासतंय, सकाळी सव्वानऊचं ऊन सगळ्यांना पटतं. मागोमाग बाहेर आलेले साहेबही मान डोलावत होते. त्यांनाही कागद मिटवायचाय. वहिनी म्हणते, लिहून टाक, बाईंना त्याने काय फरक पडणार.

परवा संत्री घेऊन दवाखान्यात गेलो होतो. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो. संत्री दाराजवळच्या खुर्चीवर ठेवली आणि परत आलो. बावन्न वर्षांचा घोडा, आणि ही तऱ्हा.

तू सांग काय लिहून देऊ. तुझ्या शब्दाला इकडे अजून वजन आहे, ते तसंच राहो.

तुझा,
दादा

२३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस हे पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. पहिल्या दिवशी लिहिलं की उन्हाचं मुळीच सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी वाटलं, हे माझा दादा सोडून दुसऱ्या कुणाला सांगणं किती सोपं आहे. तिसऱ्या दिवशी जे झालं ते तुला सांगितलंच पाहिजे.

आमचे हे गाडी चालवत होते, मी मागच्या बाकावर, रस्त्याकडच्या दाराशी. औषधांच्या दुकानासमोर गाडी थांबवली. मी मागे वळून पाहिलं आणि दार उघडलं. एक गृहस्थ सायकलवरून येत होते, कॅरिअरला फायलींचा गठ्ठा. दार चुकवायला ते रस्त्याच्या मधोमध गेले, मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने कसाबसा आवरला. ते उतरले, सायकल आडवी टाकली आणि मला ओरडले की डोळे कुठे गहाण टाकलेत का.

दादा, हे माझंच वाक्य आहे. वर्षातून चार वेळा तरी मी कुणाला ना कुणाला हे ऐकवते. मी, चष्मे करणारी, सायकल मारणारी, तिथे तोंड उघडं टाकून उभी. मी म्हणत राहिले की पाहिलं होतं हो, पाहिलं होतं. ह्यांनी मला आत बसवलं.

आता माझं मत मागू नकोस. बहीण म्हणून वाटतं, लिहून दे आणि सूट. सायकलवाली म्हणून वाटतं, खबरदार. गाडीचं दार उघडणारी म्हणून वाटतं की मी कोण सांगणार. एवढंच म्हणते, कागदावर काहीही लिहिण्याआधी दाराच्या आत जा. संत्री ठेवून पळून येणं तुला शोभत नाही.

सध्या मी सायकल हातात धरून चालत कामाला जातेय. ह्यांना सांगितलं की चाकात हवा नाही. माझ्यावर मायेची नजर असू दे.

तुझी,
ठमी

६ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गेलो. आत गेलो.

नर्सला वाटलं मी त्यांचा भाऊ. मी दुरुस्त केलं नाही, कारण मग सगळं व्हरांड्यातच सांगावं लागलं असतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. मी म्हटलं, ती बस मी चालवत होतो. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि बसायला सांगितलं.

त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. घराला कुलूप लावल्याचं आठवतं, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. म्हणाल्या, महिनाभर एकच विचार चाललाय की मी काय केलं? मधे आले का, वळले का, झोप लागली का? मुलगा म्हणतो, तरी तुला सांगत होतो. शेजारीण म्हणते, ड्रायव्हरला फाशी द्या. झालं काय ते मात्र कुणीच सांगत नाही. मग मला म्हणाल्या, तुम्ही तिथे होतात, तुम्ही सांगा.

मी सांगितलं. तुम्ही सरळ येत होतात. रेघेच्या आत होतात. काहीही चुकलं नाही तुमचं. मी आरशात तुमच्याकडे पाहिलं, आणि मला तुम्ही दिसला नाहीत.

त्यांचा चेहरा आधी सैल पडला. काही चुकलं नाही हे ऐकून डोळ्यांतून पाणी आलं. मग पुढचं डोक्यात शिरलं असावं. त्यांनी विचारलं, पाहिलं आणि दिसलं नाही म्हणजे काय? मी म्हटलं, मलाही कळलेलं नाही. त्या म्हणाल्या, मी काय हवा आहे का? आवाज चढला. मला जायला सांगितलं. मी उठलो. ठमे, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी तेच सांगितलं. ढग होते, ऊन नव्हतं, पाहिलं आणि दिसलं नाही. साहेबांचं पेन थांबलं. त्यांच्या छापील कागदावर कारणांची यादी असते: ऊन, पाऊस, मोबाइल, झोप, मद्य. त्यांनी ती दोनदा वरून खाली वाचली आणि शेवटी "इतर" वर खूण केली. पुढे ओळ रिकामी असते, तिथे काय लिहायचं ते त्यांनी मलाच विचारलं.

परवाना सहा महिन्यांसाठी गेला. कोर्टाचं पुढे काय ते पुढे. डेपोत बस धुणाऱ्यांवर देखरेखीला बसवलंय. संघटनेचा माणूस माझ्याशी बोलत नाही, तुझी वहिनी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आता घरी तरी वेळेवर येशील.

बरोबर केलं का? मनाला हलकं वाटेल असं समजलो होतो, तसं काही वाटत नाही. चाकात हवा भर आणि सायकलवर बस. भित्र्या दादावर लोभ राहू दे.

तुझा,
दादा

२७ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तू पुन्हा सायकलवरून जातेस आणि प्रत्येक गाडीवाल्याकडे संशयाने बघतेस, हे वाचून हसू आलं आणि आलंही नाही. इकडे एक गोष्ट झाली, ती सविस्तर लिहितो.

गेल्या आठवड्यात पडदेवाल्या बाईंचा डेपोत निरोप आला की शनिवारी सकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यावर या. मला वाटलं, उरलेलं बोलून घेणार. गेलो तर त्या सायकल घेऊन उभ्या, नवी, शिडशिडीत. म्हणाल्या, डॉक्टरांनी परवानगी दिलीय, मुलाने नाही. महिनाभर पायी जातानाही या कोपऱ्याला वळसा घालतेय आणि आता कंटाळा आलाय. मी कुठे होते ते फक्त तुम्हाला माहीत आहे, तेव्हा तुम्ही दाखवा.

मी दाखवलं. इथे तुम्ही, इथे माझं पुढचं चाक, इथे आरसा. त्या प्रत्येक जागी जाऊन उभ्या राहिल्या. न्हावी दुकानातून बघत होता. पिशवीतून टेप काढून त्यांनी पांढऱ्या रेघेपासून फुटपाथपर्यंत मापलं आणि म्हणाल्या, यापेक्षा न्हाणीघराचा पडदा रुंद असतो. मला माफ केलंय असं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

मग सायकल घेऊन कोपऱ्याच्या बऱ्याच मागे गेल्या आणि म्हणाल्या, आता बसते. तुम्ही रस्त्याच्या बाजूने चाला, माझ्या आणि गाड्यांच्या मधून. मी तसा चालू लागलो. त्या हळूहळू पायडल मारत होत्या, हँडल डुगडुगत होतं. वीसेक पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून बस आली.

बावीस वर्षं बस चालवली, पण ती पाठीमागून कशी येते हे मला ठाऊक नव्हतं. आधी पायाखालचा रस्ता थरथरतो. मग पोटरीवर गरम हवा येते. वळून बघावं तर सायकलला धक्का लागेल, न बघावं तर मान आखडते. बस आमच्या बरोबरीला आली आणि मंदावली. आम्हाला जाऊ देतेय की वळायच्या आधी मंदावतेय, मला, मला ठमे, सांगता येईना. बाईंनी समोर बघतच विचारलं की त्याने आपल्याला पाहिलं का.

मी म्हणालो, माहीत नाही.

त्यांनी पाय टेकला. मी थांबलो. बसही थांबली. कुणी हलेना. मागे हॉर्न सुरू झाले, एक गाडीवाला खिडकीतून काहीबाही बोलला. शेवटी बसचं पुढचं दार फस्स करून उघडलं आणि ड्रायव्हर सीटवरून वाकून ओरडला, जाताय का तुम्ही?

बाई त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या की हो, जातेय. आणि पायडल मारून गेल्या. कोपरा ओलांडला, सरळ निघाल्या, एकदाही मागे पाहिलं नाही. मी बसच्या उघड्या दारासमोर रस्त्यात उभा. मग ड्रायव्हरने मलाही तेच विचारलं.

वहिनीचे आशीर्वाद. सगळ्यांना लोभ सांग, आणि तुझा इकडे पाठव.

तुझा,
दादा