माझ्या सहीची पत

मी, दादाजी झाडू दुधे, राहणार मूल, जिल्हा चंद्रपूर, धंदा वेल्डिंग, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही मागे न लागता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. पोटात जळते, ते वेगळे.

१. राहते घर पत्नी सत्यशीला हिचे. तिच्या पश्चात मुलगी हर्षा हिचे.

२. बँकेतली शिल्लक सत्यशीलाची. माझ्या नावाने जेवणावळी घालू नयेत.

३. दुकान, वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर हर्षाला. तिचा जोड माझ्यापेक्षा साफ येतो. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही.

४. धाकटा भाऊ रामाजी याला काही नाही. आईचे पितळी घंगाळ त्याने आधीच नेले आहे. ते मला हवे होते.

कारणही लिहितो. रामाजीची बिछायत होती. मंडप, खुर्च्या, जनरेटर, सगळे कर्जावर. समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करायचा. कोरोनात लग्ने थांबली आणि तो बुडाला. चंद्रपूरच्या कोर्टाने त्याला नादार ठरवले. मग त्याला साधा मोबाइलही कोणी हप्त्यावर देईना. मला वाईट वाटले आणि आतून थोडे बरेही वाटले.

कोर्टाने जुन्या कर्जातून मोकळे केल्यावर तो खुर्च्या भाड्याने आणून पुन्हा उभा राहिला. स्वतःच्याच ठेवीवर बँकेचे क्रेडिट कार्ड घेतले, त्यावर डिझेल भरायचा आणि मुदतीआधी बिल चुकते करायचा. आता प्रत्येक कागद तीनदा वाचतो.

गेल्या वर्षी मी नव्या मशीनसाठी बँकेत गेलो. साहेब म्हणाले, "भाऊ, तुमचं सिबिल दिसूनच नाई राह्यलं."

"मी जन्मात कर्ज नाई काढलं, साहेब."

"म्हणूनच तं!"

शेजारच्या टेबलावर रामाजी कर्जाच्या कागदावर सही करत होता. त्याच्यासाठी चहा आला. माझ्यासाठी नाही. वरून मला विचारतो, "भाऊ, मी जमानत राहू का?" मी तसाच घरी आलो. मशीन आले नाही.

५. हर्षाला नवे मशीन घ्यायचे आहे. जमानतीला रामाजीला न्यावे. माझ्या सहीला बँकेत पत नाही, त्याच्या सहीला आहे. मात्र मी गेल्यावर न्यावे. जिवंतपणी मला ते बघवणार नाही.

६. साक्षीदाराला वाटा मिळत नाही असे ऐकले, म्हणून मुद्दाम रामाजीलाच साक्षीला बोलावले. आत्ता समोर बसला आहे. म्हटले, आधी वाचून घे.

म्हणाला, "तुमचा कागद मी काऊन वाचू, भाऊ? आणा तो पेन."

बँकेला जे देत नाही ते त्याने मला दिले. याचाही मला हेवा वाटतो.

लिहून ठेवणार: दादाजी झाडू दुधे

साक्षीदार:
१. माधवी उराडे, शेजारी
२. रामाजी झाडू दुधे, भाऊ (न वाचता)

मूल, दि. ८ फेब्रुवारी २०२६