लिलींवरच्या अळ्या आणि मी

४ मे, सकाळ
बायको लेकीकडे गेली. बाळंतपणाला. दीड महिन्याने लेकीला आणि बाळाला घेऊनच येणार. निघताना लिलींच्या वाफ्यापाशी इतका वेळ उभी राहिली की टॅक्सीवाला हॉर्न वाजवून थकला. लिलींचे कांदे सासूबाईंच्या बागेतले. सासूबाई गेल्या, कांदे राहिले. म्हणाली, बाळ येईल तेव्हा फुलं दिसली पाहिजेत, एवढंच. एवढंच! अख्ख्या कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. हा तर एक वाफा.

८ मे
एका पानाला भोक. दुर्लक्ष केलं. झाडांनाही हवा लागते.

१० मे
भोकंच भोकं, मधे मधे पान. उलटून पाहिलं तर काळ्या अळ्या, अंगावर पिवळे-पांढरे ठिपके. चोरांनी इतकं नटू नये. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, रोज संध्याकाळी हाताने वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. हाताने! मग डोकं कशाला दिलंय? अळीला हात लावायला मी भीत नाही. आवडत नाही, एवढंच.

११ मे
लसूण-मिरचीचा फवारा. व्हिडिओ पाहून केला. वारा उलटा निघाला. डोळे चोळले, त्याच हातांनी. दुपारभर तोंड बादलीत. अळ्यांची बहुधा तोंडाची चव सुधारली.

१४ मे
बायकोचा फोन. लिली कशा आहेत? म्हटलं, वाफ्यावर गर्दी आहे. खोटं नाही. फोटो मागितला. गेल्या वर्षीचा पाठवला. तोही आमच्याच बागेतला.

१४ मे, संध्याकाळ
बायकोचा मेसेज: फोटोत मागे दोरीवर तुमचा निळा शर्ट वाळतोय, त्याचं मी कधीच फरशी पुसायचं फडकं केलंय. फोन उपडा ठेवला. बायकांना मूळ मुद्दा सोडायची सवयच असते.

१८ मे
कडुनिंबाचं तेल. बाटलीवर चमचाभर लिहिलंय. चमच्याने कोणी लढाई जिंकलेली नाही. वाटीभर ओतलं. दुपारपर्यंत पानं करपली. अळ्या शेजारच्या रोपावर बसून बघत होत्या.

२० मे
दादा आला. माझा थोरला भाऊ. म्हणाला, कळ्या अजून शाबूत आहेत, एक अळी डबीत घालून दुकानात ने आणि बरोबर औषध विचार. म्हणजे घरातली भानगड मी चव्हाट्यावर न्यायची? चहा पाजून वाटेला लावला.

२३ मे
मुलगी झाली! लेक सुखरूप. मी आजोबा! आनंदाच्या भरात बागेत जाऊन मोठ्याने सांगितलं. अळ्यांनी ऐकलं नाही. त्या कळीत डोकं खुपसून होत्या. आता हा माझा हट्ट राहिलेला नाही. नातीच्या स्वागताचा प्रश्न आहे.

२९ मे
निसर्गाची मदत घ्यायचं ठरवलं. वाफ्याभोवती पावाचा चुरा टाकला. पक्षी आले, पाव खाल्ला, गेले. अळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जेवायला बोलावलं की लोक कामाचं विसरतात.

६ जून
आज उलगडा झाला. अळी हा प्रश्नच नाही, पान हा प्रश्न आहे. पान नाही तर अळी नाही. कात्री घेतली आणि सगळं जमिनीलगत कापलं. उरलेल्या कळ्यांपाशी जरा थांबलो. मग त्याही कापल्या. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. सगळं पोत्यात भरून तोंड बांधलं. वाफ्यात एकही अळी नाही! काकू कुंपणापाशी आल्या, पाहिलं, तशाच आत गेल्या. अचंबा, दुसरं काय.

६ जून, संध्याकाळ
जेवताना खिडकीतून नुसती माती दिसते. खिडकी लावून घेतली. डासांमुळे.

१६ जून
तिघी आल्या. बायको बॅग खाली न ठेवता थेट वाफ्याकडे. मी मागोमाग जाऊन सांगितलं, अळ्यांचा पूर्ण नायनाट. ती खाली बसली, मातीत बोटं घालून चाचपत राहिली. फार वेळ. शेवटी म्हणाली, आईचे कांदे आहेत. पुढच्या वर्षी येतील. मी म्हटलं, माझाही तोच बेत होता. तिने वर पाहिलं. मी तिची बॅग उचलून घराकडे निघालो.

घरात आल्यावर मला हात धुवायला लावले. दोनदा. खुर्चीत बसवलं आणि नात मांडीवर ठेवली. म्हणाली, हे बघा, काहीही करायचं नाही. नुसतं धरून बसायचं.

बसलो. नातीने माझं बोट मुठीत धरलं आणि झोपली. लेकीने दार ओढून घेतलं. बायको बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, जमलं तुम्हाला.

पायाला मुंग्या आल्या होत्या. येऊ दिल्या.